गाडीत काही बिघाड नव्हता

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. मुग्धापाशीसुद्धा नाही — आणि मुग्धा माझी बायको. तिच्यापासून मला फ्रिजमधला शेवटचा गुलाबजामसुद्धा लपवता येत नाही. हे मात्र लपलं. आता तुम्हाला सांगायला बसलोय तर सारखं उठून चहा करावासा वाटतोय. तेव्हा सरळ मुद्द्यावर यायला जमणार नाही, जरा फिरून येतो. आधी रेगकाकांबद्दल सांगतो — चालेल ना? त्यांच्याबद्दल बोलायला मला आवडतं. खरं म्हणजे तेच तर दुखणं आहे.

मुग्धाला टूवूंबातल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली, म्हणून आम्ही सिडनीतल्या टूनगॅबीहून इकडे आलो. टूनगॅबीत कोपऱ्यावरच्या दुकानात कढीपत्ता मिळायचा आणि स्टेशन पायी जाण्याइतकं जवळ होतं. टूवूंबात सगळंच लांब, आणि बस आली तर आली. आम्ही भाड्याने घेतलेल्या दोन खोल्या रेग हॅस्किन्स यांच्या घरामागे होत्या. नव्वदीला टेकलेला माणूस, निवृत्त मेकॅनिक. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. इथे लहानथोर सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण त्या वयाच्या माणसाला नुसतं ‘रेग’ म्हणायला माझी जीभ रेटेना. मी ‘काका’ म्हणालो. म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. वडिलांचा भाऊ, मी सांगितलं. ते म्हणाले, “मला भाऊ नव्हता. पुतण्याची आशा मी कधीच सोडली होती, मेट.” माझं आशुतोष हे नाव त्यांच्या कवळीला झेपत नसे. ते मला अ‍ॅश म्हणायचे.

घर बघायला आलो तेव्हाच मी त्यांना ठोकून दिलं होतं की पुण्यात मी वर्षानुवर्षं गाडी चालवलीय. चालवली होती ती स्कूटर. गाडी म्हणाल तर ड्रायव्हिंग स्कूलची, जिच्यात शेजारच्या मास्तरांच्या पायाखालीही ब्रेक होता आणि क्लचही. मी आपला स्टिअरिंग धरून बसायचो. रेगकाकांना हे पहिल्याच वळणावर कळलं, पण त्यांनी मला उघडं पाडलं नाही. नजर अधू झाल्यामुळे त्यांचं स्वतःचं लायसन्स गेलं होतं. गाडी मात्र होती, जुनी स्टेशन वॅगन, पोरीसारखी सांभाळलेली. रविवारी सकाळी मी चालवायचो आणि ते शेजारी बसायचे. डोळ्यांचं काम कान करायचे.

बोलून शिकवणं त्यांना पसंत नव्हतं. ते माझ्या गुडघ्यावर थापटायचे. एक थाप म्हणजे मागून कुणीतरी येतंय. दोन म्हणजे हळू घे. आणि हात गुडघ्यावर नुसता ठेवून दिला, तर — ठीक चाललंय, चालू दे. ही त्यांच्या वडिलांची पद्धत. वडील, क्लाइड हॅस्किन्स, रेसिंग ड्रायव्हर होते. अमेरिकन, आणि मोटारी नव्या होत्या तेव्हाचे.

क्लाइडची गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की तो मला आमच्याच घरातला एखादा आजोबा वाटतो. तो अमेरिकेतल्या मक्याच्या मुलखातला. शेतीची अवजारं दुरुस्त करता करता मोटारींवर हात बसला. तेव्हा शर्यतींसाठी वेगळे ट्रॅक कुठे होते? जत्रेत ज्या मातीवर घोडे पळायचे, तिथेच मोटारी पळवायच्या. धूळ अशी उडायची की पुढची गाडी दिसत नसे, नुसती ऐकू यायची. मग लाकडी फळ्यांचे ट्रॅक आले, काहिलीसारखे कडेने वर चढत गेलेले. चाकाखाली फळ्या फुटायच्या आणि कपच्या तोंडावर यायच्या. डोक्याला कापडी टोपी आणि डोळ्यांना गॉगल, एवढंच काय ते संरक्षण. आणि इंजिनात काय घालायचे, माहितीये? एरंडेल! हो, तेच आपलं एरंडेल. मी हसत सुटलो. म्हटलं काका, हे आमच्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत पोरांना नाक दाबून पाजायचे. ते हसले नाहीत. अगदी हळुवारपणे म्हणाले, “म्हणजे माझ्या डॅडचा वास तुला ठाऊक आहे.”

गाडीत दोघं असत — ड्रायव्हर आणि शेजारी मेकॅनिक. मेकॅनिकने हाताने पंप मारून टाकीतलं प्रेशर राखायचं, टायरकडे लक्ष ठेवायचं आणि मुख्य म्हणजे मागे बघायचं, कारण ड्रायव्हरला मान वळवायची सोय नव्हती. त्या आवाजात बोललेलं कुठलं ऐकू यायला? म्हणून गुडघ्यावर थाप. क्लाइडच्या मेकॅनिकचं नाव पीट. त्याच्या थापेच्या भरवशावर क्लाइडने बऱ्याच शर्यती मारल्या. पुढे कुणा हौशी संयोजकाने काही ड्रायव्हर आणि त्यांच्या गाड्या बोटीत घालून ऑस्ट्रेलियाला आणल्या. क्लाइड इथल्या किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत पळाला, मातीच्या ट्रॅकवर पळाला, जिंकला, इथल्याच एका मुलीच्या प्रेमात पडला आणि राहिला.

त्याची शेवटची शर्यत रेगकाकांनी पाहिली नव्हती. त्यांचा जन्मच नंतरचा. ती पाहिली होती त्यांच्या मोठ्या बहिणीने, डॉटने, आईच्या मांडीवर बसून. क्लाइड सगळ्यांच्या पुढे होता आणि थोड्याच फेऱ्या उरल्या होत्या. समोर एक रेंगाळलेली गाडी उलटली. धुळीचा लोट उठला. क्लाइड तसाच त्यात घुसला आणि पलीकडून बाहेर आला. त्याला नाही, पीटला नाही, कुणाला ओरखडासुद्धा नाही. लोक उभे राहून टोप्या उडवत होते. आणि त्याने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. बातमीदार धावले. इंजिन गेलं का? टायर? मॅनेजर त्याच्या कानाशी लागला — इंजिन म्हण, इंजिन म्हण. क्लाइडने गॉगल काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “गाडीत काही बिघाड नाही. मी घाबरलो.”

पुन्हा तो कधी शर्यतीत बसला नाही. इथून राज्याच्या बॉर्डरपलीकडे, शेजारच्या राज्यातल्या टेंटरफील्डला त्याने गॅरेज काढलं. लोक त्याला चिडवायचे, आणि तो त्यांच्याच गाड्या दुरुस्त करायचा. रेगकाकांना बापाने जिंकलेल्या शर्यती धड आठवत नसत, पण हे वाक्य सांगताना ते खुर्चीत ताठ व्हायचे. डॉट अजून टेंटरफील्डलाच होती, तिच्या विधवा मुलीजवळ, जूनजवळ. नव्वदी केव्हाच उलटलेली. वर्षातून एकदा बहिणीकडे जायचं आणि तिच्या तोंडून ती शर्यत ऐकायची, हा काकांचा नेम. फोनवर जमत नसे, कारण डॉटला ऐकू यायचंच नाही. समोरासमोर बसायचं, तिचा हात हातात घ्यायचा, तिने सांगायचं आणि यांनी ऐकायचं. एक वर्ष मीच त्यांना घेऊन गेलो होतो. डॉटने मला विचारलं, कोण तू? काकांनी खुणेने माझ्याकडे बोट दाखवलं आणि आपल्या गुडघ्यावर थापटलं. तिला बरोबर कळलं. परत येताना काका सबंध वाटभर माझ्या गुडघ्यावर हात ठेवून झोपले होते.

आता माझं. टाळतोय खरा. पण आलं आता.

त्यानंतर काही महिन्यांनी मी टेंटरफील्डच्याच वाटेवरच्या वॉरिक गावाहून एकटाच परत येत होतो. दिवस मावळायची वेळ. डावीकडून कांगारू आला. मी गाडी उजवीकडे घातली आणि समोर ट्रक होता. त्याचा हॉर्न वाजला, मी परत डावीकडे आलो, ट्रक निघून गेला. झालं एवढंच. म्हणजे काहीच झालं नाही! गाडीला खरचटलं नाही, कांगारूही सुखरूप. पण मी गाडी कडेला घेतली आणि माझे हात स्टिअरिंगवरून निघेनात. किती वेळ तसा बसलो, माहीत नाही. त्या दिवसापासून मी हायवेला लागलो नाही. गावात चालवायचो — दुकान, हॉस्पिटल, काकांचा रविवार. गावाबाहेर जायचं निघालं की माझी कंबर धरायची, नाहीतर मीटिंग असायची. मुग्धा म्हणायची, “काय रे, हल्ली तुझी कंबर वीकेंडलाच कशी धरते?” आणि हसून स्वतः चालवायची. मला सांगता आलं नसतं का? बायकोला? आलं असतं. पण पुरुषाने गाडी चालवायला घाबरावं, आणि तेही इथे, जिथे सोळा वर्षांची पोरं ट्रॅक्टर हाकतात — मला लाज वाटली. दुसरं कारण नाही.

मग कोरोना आला. राज्याची बॉर्डर बंद झाली. मुग्धाने नियम केला की ती काकांच्या जवळपाससुद्धा जाणार नाही. हॉस्पिटलात जाणारी बाई, उगाच त्यांना काही व्हायचं. ती खिडकीतून हात करायची. त्यांचं सामान मी आणून द्यायचो, व्हरांड्याच्या एका टोकाला मी, दुसऱ्याला ते. काका आजाराला फारसे भ्यायले नव्हते. त्यांना एकच घोर होता. डॉट. “ती काही थांबणार नाही, अ‍ॅश,” ते म्हणायचे. “आणि मीही.” बॉर्डर उघडली की पहिल्या दिवशी निघायचं, हे आमचं ठरलं होतं. मी हो हो म्हणायचो. बंद बॉर्डरइतकं सोयीचं मला त्या दिवसांत दुसरं काही नव्हतं. लोक उघडायची वाट बघत होते आणि मी मनातल्या मनात —

असो.

हिवाळ्यात बॉर्डर उघडली. काकांनी ती बातमी रेडिओवर माझ्याआधी ऐकली. सकाळी मी दूध घेऊन गेलो तर हे गॅरेजात, स्टेशन वॅगनच्या खाली सरपटत गेलेले, नुसते पाय बाहेर. त्या वयात! दिसत नव्हतं तरी हाताने चाचपून त्यांनी ऑइल बदललं होतं, टायर भरले होते, बेल्ट तपासला होता. बाहेर आले ते काळ्या हातांनी आणि लहान मुलासारखं हसत. “घड्याळासारखी चालेल,” म्हणाले. “कधी निघायचं?”

आणि मी म्हणालो, काका, माझ्या पीआरचं, इथे कायम राहायच्या परवान्याचं, काम चालू आहे ना, त्यात मला राज्याबाहेर जाता येत नाही. गेलो तर भानगड होईल.

असा काही नियम नव्हता. मला ठाऊक होतं. पण परदेशात राहिलेल्या माणसाला हे कळेल — व्हिसा हा शब्द काढला की समोरचा पुढे विचारतच नाही. इथे जन्मलेल्या माणसाला त्यातलं काही कळत नसतं आणि आपल्या माणसाला ते विचारायची भीती वाटते. आम्ही सगळेच तो शब्द कधी ना कधी वापरतो. पार्टीला जायचं नसेल तेव्हा, कुणाला पैसे द्यायचे नसतील तेव्हा. मी तो काकांवर वापरला.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी फडक्याला हात पुसले आणि मलाच धीर दिला. “नाही नाही, तुझे पेपर आधी. तेवढ्यासाठी तू धोका घ्यायचा नाहीस. आली की जाऊ. नो वरीज.” आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी, मुग्धा ड्युटीवर गेली की, व्हरांड्याच्या त्या टोकावरून हाक: आली का रे?

तुम्ही म्हणाल, दुसरं कुणी नेलं नसतं का? मुग्धाला रजा नव्हती. जून स्वतः सत्तरीची, गावाबाहेर गाडी काढत नसे. बस बंद होती. आणि काकांनी दुसऱ्या कुणाला विचारलंही नाही, कारण आपण निघायचं असं आमचं ठरलं होतं.

पीआर आली. बॉर्डर उघडी असतानाच आली, त्याच महिन्यात. सकाळी ईमेल उघडली आणि मी मुग्धाला हॉस्पिटलात फोन केला. ती रडली. इतक्या वर्षांची धाकधूक संपली होती, सबंध दिवस आम्हाला काही सुचेना. संध्याकाळी तिने दही टांगून ठेवलेलं होतं त्याचं श्रीखंड केलं, वर केशर घातलं आणि पहिली वाटी काढली ती काकांची. “जा, तू सांगून ये. किती वाट बघतायत ते! आणि ऐक ना, आता डॉटकडे पण जाऊन या.” मी वाटी घेऊन निघालो. आमच्या दारापासून त्यांच्या व्हरांड्यापर्यंत अंतर ते काय? अंगण ओलांडायचं. तेवढ्यात माझ्या डोळ्यांपुढे तो ट्रक आला.

काकांनी वाटी घेतली. आज काय विशेष, असं विचारलं. मी म्हणालो, काही नाही, आमचा एक सण आहे. त्यांनी चमचाभर खाल्लं, डोळे मिटले, मग वाटी निपटून पुसून खाल्ली. “मुग्धाला सांग, असलं काही मी जन्मात खाल्लं नाही.” आणि मग, तोंडाला श्रीखंड लागलेलं तसंच, म्हणाले, “आली का रे?”

मी म्हणालो, अजून नाही.

हे तुम्हाला सांगायचं होतं. माझ्याच आनंदाचं गोड त्या माणसाने खाल्लं आणि मी त्याला कळू दिलं नाही की ते कशाचं आहे. घरी आलो तर मुग्धाने विचारलं, खूश झाले का? मी म्हणालो, खूप.

थोड्याच दिवसांनी बॉर्डर पुन्हा बंद झाली. मला हायसं वाटलं, हेही सांगतो. रविवारी मी त्यांना गावाच्या कडेपर्यंत चक्कर मारून आणायचो. काचा खाली, दोघांच्या तोंडाला मास्क. गावाची शेवटची घरं आली की मी गाडी वळवायचो, आणि त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर नुसता ठेवलेला असायचा. ठीक चाललंय, चालू दे. त्यांना कळलं असेल का? पुष्कळदा वाटतं की कळलं असावं, आणि त्यांनी मला माफ केलं असावं. पण नाही हो. त्यांना काही कळलेलं नव्हतं. त्यांचा माझ्यावर विश्वास होता, तेवढंच.

वसंतात, सगळ्या गावात फुलं असताना, काका गेले. सकाळी हाक आली नाही म्हणून मी जाऊन पाहिलं. खुर्चीतच होते. फ्युनरलला मोजकी माणसं, आणि बॉर्डर बंद असल्यामुळे डॉट आणि जून नव्हत्या. मुग्धा मागच्या बाकावर लांब बसून ओक्साबोक्शी रडली. मला रडू आलं नाही.

दोन दिवसांनी जूनचा फोन आला. तिने फोन स्पीकरवर ठेवला होता आणि आईच्या कानाशी ओरडून ओरडून सांगत होती. आभार मानून झाले. मग जून म्हणाली, “ममला एक विचारायचंय, अ‍ॅश. बॉर्डर उघडली तेव्हा ती रोज अंथरूण घालून ठेवायची. रेग का आला नाही, ते तिला कळत नाही. तिला वाटतंय, आपलं काही चुकलं.”

पाहा, अजूनही वेळ होती. एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते वाक्य त्याच घरातलं होतं, मला तोंडपाठ होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, “ते घाबरले होते. आजाराला. प्रवासाची भीती वाटत होती त्यांना.”

पलीकडे जून ओरडली, “तो घाबरला होता, मम! घाबरला होता!” मग काही ऐकू येईना. मग डॉटचा आवाज आला, कापरा, पण हसरा. तिने विचारलं, “त्याने स्वतः तसं सांगितलं?”

मी म्हणालो, हो.

“शाबास रे पोरा,” ती म्हणाली. मला नाही, भावाला. “डॅडला किती बरं वाटलं असतं.”

पुढच्या वर्षी डॉट गेली. ती तेच खरं धरून गेली. जून अजून ख्रिसमसला मेसेज करते. मुग्धाला वाटतं की पीआरची बातमी काका ऐकून गेले. श्रीखंड केलं की दर वेळी ती त्यांची आठवण काढते, आणि मी मान हलवतो.

बॉर्डर उघडी होती. पीआर माझ्या हातात होती. ऑइल बदललेलं होतं, टायर भरलेले होते, टाकी भरलेली होती. गाडीत काही बिघाड नव्हता. मी घाबरलो.